रिकामी खोबण

जेवणाच्या टेबलावर शेवटचं कोण जेवलं होतं, ते आता घरच्या मोठ्या सुनेला, थोरलीलाही आठवत नव्हतं. साहेबांनी आपल्या वडिलांचा, नानांचा, रेडिओ माळ्यावरून उतरवून तिथे ठेवला, तेव्हा ‘आठवडाभराचं काम आहे’ असं म्हणाले होते. तो आठवडा दोन हिवाळे चालला. टेबलावर रेडिओ, त्याचं उघडं पोट, तारांचे गुंते आणि डाख द्यायची सळई, आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन दिवाणावर, अशी व्यवस्था झाली होती. ‘साहेब’ हे नाव त्यांना कचेरीने दिलेलं नव्हतं. विम्याच्या कचेरीत ते निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताखाली होते. नाव थोरलीनेच ठेवलेलं, आणि ते कौतुकाने ठेवलंय अशी तिच्या नवऱ्याची अजूनही समजूत होती.

आज मात्र रेडिओ सुरू व्हायचा होता. त्यासाठी साहेबांनी भावाला आणि बहिणीला फोन करून बोलावून घेतलं होतं. सेट लागला की तो टेबलावरून उचलून पुढच्या खोलीत जाणार, कारण नानांची खोली ती, एरियलची तार त्याच खिडकीतून आत यायची. दारावर लावायला पितळी पाटीसुद्धा करून आणली होती, ‘नानांचा श्रवणकक्ष’. आता त्या खोलीत नाना गेल्यापासून आई झोपत होती, पण त्याचाही तोडगा निघाला होता. स्वयंपाकघराला लागून एक लहानशी खोली होती, जिच्यात रिकामे डबे आणि मोडकी खुर्ची असायची. तिथे आईचा पलंग हलवायचा. “उबदार आहे,” साहेब म्हणाले होते. आईला विचारलं तेव्हा ती काही बोलली नव्हती, आणि न बोलणं म्हणजे होकार हा हिशेब या घरात पहिल्यापासून चालत आलेला होता. थोरलीही ‘हो’ म्हणाली होती. तिला तिचं टेबल हवं होतं.

भाऊ आणि बहीण एकाच गाडीतून आले. थोरलीने त्यावरूनच ओळखलं की वाटेत काहीतरी शिजलंय. भावजी दातांचे डॉक्टर. समोरचा बोलायला लागला की त्यांची नजर त्याच्या डोळ्यांऐवजी दाढांवर जायची. नणंद एका शाळेची मुख्याध्यापिका, आणि घरीही तशीच वागायची. थोरली तिला तोंडावर ‘वन्सं’ म्हणायची आणि मनात ‘हेडबाई’.

“वहिनी, बारीक झालात,” हेडबाई म्हणाल्या.

“मांडीवर ताट घेऊन जेवलं की दोन घास कमीच जातात, वन्सं.”

हेडबाईंनी ते ऐकलं नाही. त्या टेबलाभोवती फिरून रेडिओ बघत होत्या. पेटीला पॉलिश झालं होतं, पुढचं कापड नवं होतं, डायलची काच लखलखत होती. “दादा, काय सुंदर केलास रे! हा खरं तर आमच्या शाळेच्या सभागृहात शोभेल. मुलांना रोज दिसेल. नानांचं नाव होईल.”

“ताईचं म्हणणं मला पटतं,” भावजी लगेच म्हणाले. इतकं लगेच, की गाडीत काय शिजलं ते थोरलीला कळून चुकलं.

साहेबांनी बहीण-भावाकडे असं बघितलं, जसं ते पूर्वी खोटा दावा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघत असावेत. “सेट या घरातून हलणार नाही,” ते म्हणाले. “आणि सभागृहाच्या गप्पा मारण्याआधी मला एक गोष्ट विचारायची आहे. म्हणूनच तुम्हाला बोलावलंय.”

थोरलीने मनात म्हटलं, झालं, चहा गार होणार.

साहेबांनी रेडिओ फिरवून त्याची पाठ सगळ्यांसमोर केली. आत काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, ओळीने उभे होते. “हे सगळे जुनेच आहेत. मूळचे. हा एक सोडून.” त्यांनी एका व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. “मी झाकण उघडलं तेव्हा ही खोबण रिकामी होती. रिकामी! बाकी सगळ्यांवर धूळ, आणि इथे नुसतं भोक. हा मिळवायला मला काय काय करावं लागलं ते माझं मला माहीत.”

“मग?” भावजी म्हणाले.

“मग काय? नाना शेवटच्या संध्याकाळपर्यंत हा रेडिओ ऐकत होते. म्हणजे तोपर्यंत व्हॉल्व्ह जागेवर होता. ते गेल्यावर ती खोली आवरली कोणी? तू.”

भावजींचा चेहरा लाल झाला. “मी चोरला म्हणतोस?”

“उपटायची सवय तुलाच आहे.”

“अरे, मी त्या काचेच्या नळीचं करणार काय? कुणाच्या जबड्यात बसवणार?”

“ते मला काय ठाऊक? तुला नानांचं सगळंच हवं होतं. त्यांचं घड्याळही तूच नेलंस.”

“घड्याळ मला नानांनी दिलं होतं!”

“बेशुद्धीत?”

इथे भावजींनी आशेने बहिणीकडे बघितलं. गाडीतली दोस्ती अजून ताजी होती. पण हेडबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि हेडबाई चष्मा पुसायला लागल्या की कुणाचा तरी बळी जाणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. “खरं सांगायचं तर,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी तू काहीतरी खिशात घातलंस, ते मी बघितलं होतं. मी बोलले नाही, एवढंच.”

“तो नानांचा चष्मा होता, ताई!”

“असेल. मी कुठे काय म्हणते?”

थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिला हसू येत होतं आणि किळसही येत होती. नानांची किती ही भक्ती! ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा नाना कित्येक महिने तिला ‘अहो बाई’ म्हणायचे, बहुधा शेजारीण समजून. आपली मुलं कितवीत आहेत ते त्यांना कधी सांगता आलं नाही. पण संध्याकाळ झाली की कानाला हेडफोन लावून बसायचे आणि सकाळी चहाबरोबर जगाची खबर घरादाराला द्यायचे. अमक्या देशात सरकार पडणार, तमक्या देशात पूर येणार. आता कुठे ना कुठे सरकार पडतंच आणि कुठे ना कुठे पूर येतोच, पण तेवढ्यावर या तिघांनी नानांना द्रष्टा करून टाकलं होतं. हेडबाई तर शाळेतल्या मुलांना रांगेत उभं करून ‘माझे वडील म्हणायचे’ अशी सुरुवात करायच्या. त्यातलं निम्मं नाना कधी म्हणालेच नव्हते.

“आपण पोलिसांत जाऊया का?” भावजी आता ओरडायलाच लागले होते. “जाऊया! वहिनींच्या देखत, बहिणीच्या देखत मला चोर म्हणतोस!”

“व्हॉल्व्ह मी काढला,” आई म्हणाली.

ती पुढच्या खोलीच्या दारात केव्हा येऊन उभी राहिली, ते कुणी बघितलं नव्हतं. ती असली काय अन् नसली काय, या घरात बघायची पद्धतच नव्हती.

“काय म्हणालीस?” साहेब म्हणाले.

“मी काढला. हे जायच्या कितीतरी वर्षं आधी. काढला आणि फेकून दिला. उगाच त्याच्यावर आळ घेऊ नका.”

साहेब हसले. लहान मुलाकडे बघून हसतात तसं हसले. “आई, अगं, सेट चालू होता. नाना रोज ऐकायचे.”

“दिवा चालू होता,” आई म्हणाली. “डायलचा दिवा लागायचा. बाकीच्या नळ्याही आतून लाल दिसायच्या. आवाज नव्हता.”

“मग नाना इतकी वर्षं काय ऐकत होते?”

“मला.”

आई पुढे आली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिला बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही, तेव्हा थोरलीनेच खुर्ची ओढून दिली.

“माझा भाऊ गेला, ते सांगायला मी खोलीत गेले होते,” आई म्हणाली. “ह्यांचे डोळे मिटलेले, कानाला ते लावलेलं. मी सांगितलं. ह्यांनी बटण फिरवलं. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा देशात खाणीत माणसं दगावली, ते हळहळून सांगत चहा प्यायले. मला असा राग आला! दुपारी झाकण उघडलं आणि हाताला जे पहिलं लागलं ते ओढून काढलं. वाटलं, आता संध्याकाळी आरडाओरडा करतील, आणि केला की मीही एकदाचं सगळं ऐकवीन.”

“मग?” थोरलीने विचारलं. बाकीच्यांपैकी कुणी विचारलं नसतं.

“संध्याकाळी बसले. कपाळाला आठी आली. सगळी बटणं फिरवून झाली. आणि मग बसले की तसेच! सकाळी पुन्हा बातम्या हजर. कुठून आणल्या देव जाणे. रेडिओ बिघडलाय हे तोंडातून काढतील तर शपथ. ह्यांच्या रेडिओला हात लावायची कुणाची छाती नव्हती ना, मग तो बिघडेल कसा? चार दिवस मी गंमत बघितली. मग स्टूल घेऊन शेजारी जाऊन बसायला लागले आणि बोलायला लागले. भावाचं बोलले. तुमच्या आजीने मला काय काय ऐकवलं ते बोलले. ऐकू येतंय असं कबूल करायचं, तर रेडिओ बंद आहे हेही कबूल करावं लागणार. बसले ऐकत! खिडकीची कडी कुरकुरते म्हटलं, तर सकाळी तिला तेल घातलेलं. भावाच्या घरी जायचं राहून गेलं म्हटलं, तर गाडीची तिकिटं काढून आणली. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा पोटभर बोलले. म्हणून म्हणते, तिथून मला हलवू नका. रेडिओ कुठे ठेवायचा तो ठेवा.”

थोरलीला वाटलं, आता या तिघांना निदान लाज वाटेल. एवढी साधी मागणी, आणि तीही या बाईने उभ्या जन्मात केलेली बहुधा पहिलीच.

पण हेडबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “आई, नानांनी मला शेवटच्या वर्षीसुद्धा परदेशातल्या शिक्षणावर केवढं सांगितलं होतं! ते काय मनचं सांगत होते?”

“असतील,” आई म्हणाली.

“शक्यच नाही.” हेडबाईंचा आवाज चढला. वर्षानुवर्षं मुलांना रांगेत उभं करून दिलेली भाषणं एका झटक्यात वाया जायची वेळ आली होती. “आईची काहीतरी गल्लत होतेय. वय झालंय.”

“मलाही तेच वाटलं,” भावजी म्हणाले. ज्या बाईने त्यांच्यावरचा चोरीचा आळ नुकताच स्वतःवर घेतला, तिच्याबद्दल ते बोलत होते. “माझ्या ओळखीचा डोक्याचा एक डॉक्टर आहे. चांगला आहे. सहज दाखवून आणू.”

“विचारच करा ना,” साहेब म्हणाले. “नानांनी हा सेट एकदा अख्खा खोलून पुन्हा जोडला होता. मी लहान होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. अशा माणसाला एक रिकामी खोबण दिसली नसती?”

बोलून झाल्यावर त्यांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं. भाऊ-बहिणीने माना डोलावल्या. घड्याळावरून, चष्म्यावरून, सभागृहावरून आत्ता एकमेकांच्या नरड्याला लागलेली ही तिघं, आईला भ्रम झालाय यावर चुटकीसरशी एक झाली होती. आई उठली, आपल्या खोलीत गेली आणि पलंगावर जाऊन बसली.

“चला, आता मूळ कार्यक्रम,” साहेब म्हणाले.

जुन्या रेडिओला एकदम वीज द्यायची नसते, नाहीतर आतलं सगळं जळून जातं, असं त्यांनी समजावून सांगितलं. म्हणून वीज आधी एका बल्बातून न्यायची. बल्ब भगभगत राहिला तर आत कुठेतरी तारेला तार चिकटलीय. उजळून मंद झाला तर सगळं ठीक. त्यांनी खटका ओढला. बल्ब उजळला आणि हळूहळू मंद होत गेला. एक बल्ब मंद झाला म्हणून मोठमोठी शिकलेली माणसं टाळ्या पिटताना थोरलीने पहिल्यांदाच बघितली.

मग त्यांनी बल्ब काढून सेट सरळ जोडला. डायल पिवळी उजळली. काही वेळ नुसती खरखर, मग लांबलचक शिट्टी, आणि मग एका बाईचा आवाज, कुठल्याशा अनोळखी भाषेत, काहीतरी संथपणे वाचून दाखवणारा. साहेबांचे डोळे भरून आले. “नाना!” ते म्हणाले. हेडबाईंनी नाकाला रुमाल लावला. ती बाई कदाचित मासळीचे भाव सांगत असेल, पण त्या तिघांना तिच्यात त्यांचे नाना ऐकू येत होते. पलीकडच्या खोलीत जितीजागती आई बसली होती, ती कुणाला आठवत नव्हती.

“आता पलंग,” साहेब रुमालाने डोळे टिपत म्हणाले. “धाकट्या, तू पायथ्याकडून धर.”

दोघे भाऊ पुढच्या खोलीत गेले. थोरली त्यांच्या मागोमाग गेली. आई पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसली होती.

“आई, जरा ऊठ बघू,” साहेब म्हणाले. “दोन मिनिटांचं काम आहे. आणि त्या खोलीत तुला थंडी अजिबात लागणार नाही.”

आई उठायला लागली. तेच थोरलीला बघवलं नाही. या बाईने आत्ता, एवढ्या सगळ्यांसमोर, हलवू नका म्हणून सांगितलं होतं, आणि मुलाने ऊठ म्हटल्याबरोबर ती उठत होती. थोरलीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. चांगली ऐसपैस, मांडी घालून बसली.

“उचला,” ती म्हणाली.

“तू ऊठ ना,” साहेब म्हणाले.

“मी कशाला उठू? उचला तुम्ही. दोघे पुरुष आहात. भावजी, वाकताना कंबर सांभाळा, नाहीतर कमरेचा डॉक्टर शोधावा लागेल.”

भावजींनी पायथ्याला धरलेला हात सोडला. “दादा, हे तुमचं घरगुती आहे,” ते म्हणाले आणि बाहेर सटकले.

“तूच म्हणाली होतीस,” साहेब दबक्या आवाजात म्हणाले, “की हा सेट टेबलावरून कधी हलणार म्हणून.”

“म्हटलं होतं. आता नाही म्हणत. टेबल दिलं तुमच्या नानांना. तिथेच ठेवा, पाटी ठोका, हार घाला, काय वाटेल ते करा. आम्ही मांडीवर जेवू. पण ही खोली आईंची आहे, आणि या घरातल्या कुणी पुन्हा त्यांना डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायची भाषा केली, तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल.”

“तुला आईचं खरं वाटतंय?” साहेबांचा आवाज फाटला होता. “नाना इतकी वर्षं बंद रेडिओसमोर बसत होते, असं तुला म्हणायचंय?”

“तुमच्यापेक्षा बरे होते,” थोरली म्हणाली. “निदान ऐकत तरी होते.”

साहेब तडक निघून गेले. जाताना दार लोटलं, पण ते पुरतं लागलं नाही.

इतक्या वर्षांच्या संसारात थोरली नवऱ्याला पुष्कळ टोचून बोलली होती, पण अडवलं कधीच नव्हतं.

“मला स्वयंपाकघराजवळच्या खोलीत न्यायला तूही हो म्हणाली होतीस ना?” आईने विचारलं.

“म्हटलं होतं.”

“टेबलासाठी.”

“हो.”

“टेबल चांगलं आहे,” आई म्हणाली. “लाकूड चांगलं आहे त्याचं.”

मग थोरलीने मघापासून मनात घोळणारं विचारून टाकलं. “आई, ह्यांचं एक म्हणणं खरं आहे. नानांना रेडिओ खोलता येत होता. मग त्यांना ती रिकामी खोबण कधीच दिसली नसेल?”

आई खिडकीकडे बघत राहिली. “झाकणाचे स्क्रू मी घाईत कसेतरी लावले होते,” ती म्हणाली. “एक तर वाकडाच बसला होता. नंतर एकदा धूळ पुसायला गेले, तर सगळे नीट पिळून सरळ बसवलेले.”

“म्हणजे त्यांनी उघडून बघितलं होतं?”

“बघितलं असणार.”

“आणि नवा व्हॉल्व्ह आणला नाही.”

“नाही आणला,” आई म्हणाली. “संध्याकाळी येऊन बसले, ते कानाला लावलं, आणि माझ्यासाठी स्टूल जवळ ओढून ठेवलं.”

ज्या माणसाला थोरली जन्मभर मनातल्या मनात धूत आली होती, त्याच्याबद्दल आता काय वाटून घ्यावं हे तिला कळेना. बाहेर साहेबांनी आवाज मोठा केला असावा. शिट्ट्या, खरखर, मध्येच कुणीतरी गायचं आणि विरून जायचं. हेडबाई म्हणत होत्या डावीकडे फिरव, भावजी म्हणत होते उजवीकडे.

“जरा शांतता ठेवा तिकडे!” साहेब ओरडले. “तुमच्या बोलण्यात मला इथे काही ऐकू येत नाहीये!”

थोरली आईच्या जवळ सरकली आणि बाहेर स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “हं, आई, बोला. तुमच्या सासूने काय काय ऐकवलं होतं तुम्हाला?”